अध्यक्षबाई जिच्यावर बसल्या नाहीत

विषय : विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या दालनातील मेपल लाकडाची खुर्ची, तिचे पूर्ववृत्त.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदरहू खुर्ची मीच बोलते आहे.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका सुताराने मला घडवलं. बसणाऱ्याला आपण थोर आहोत असं वाटावं, म्हणून त्याने माझी पाठ उंच ठेवली. योजना नको तेवढी यशस्वी झाली. पहिले तीन अध्यक्ष माझ्यावरून उठायलाच तयार नव्हते. एकाचा तर निरोप समारंभ दोनदा करावा लागला.

मग डॉ. हेलन थॉर्नबी आल्या. जन्म इंग्लंडमधल्या लँकेशरचा, वडील बस कंडक्टर, आजी कापडगिरणीत. बाईंनी इतिहास लिहिला तो राजांचा नव्हे. गिरणीतल्या बायका दुपारच्या सुट्टीत काय खात, यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. तिकडच्या विद्वानांनी विषय किरकोळ ठरवला, म्हणून त्या अमेरिकेत आल्या. आधी प्राध्यापक, मग विभागप्रमुख, मग अधिष्ठाता, शेवटी अध्यक्ष. किरकोळ विषय घेऊन इतकं वर चढलेलं दुसरं माणूस माझ्या पाहण्यात नाही.

बाई माझ्यावर कधीच बसल्या नाहीत. त्यांची पद्धत वेगळी होती. मागणी किंवा तक्रार घेऊन येणाऱ्याने माझ्यावर बसायचं. बाई बाजूच्या स्टुलावर, हातात चहा. "आता तुम्ही अध्यक्ष. काय ते ठरवा," असं त्या म्हणत. फक्त ज्याचं नुकसान होणार, त्याला समोर बसवत आणि निर्णय त्याच्या तोंडावर सांगायला लावत. निम्म्या मागण्या माझ्यावरच प्राण सोडत.

श्रूजबरी हे गाव इथून जवळ. तिथली मराठी मंडळी तक्रारीत मागे नसतात आणि आपसात मराठीतच कुजबुजतात, त्यामुळे मला मराठी चांगलं येऊ लागलं. ते कामी आलं सुमंतकाकांच्या वेळी.

सुमंतकाका मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअर कंपनीचे मालक आणि विद्यापीठाचे वजनदार विश्वस्त. इतिहास विभाग बंद करून त्या जागी संगणकाची नवी इमारत उभारावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. विश्वस्तांची मतं निम्मी-निम्मी होती; काका सांगतील तिकडे पारडं झुकणार होतं. बाईंनी त्यांना माझ्यावर बसवलं आणि समोर सुजाता मेश्रामला आणलं. सुजाता नागपूरची, बाईंच्या हाताखाली पीएचडी करणारी. विभाग गेला की तिचं शिक्षण संपणार आणि व्हिसाही.

काका खूश झाले. "अरे वा, आपलीच की! आडनाव काय?"

माणसं सात समुद्र ओलांडतात. हा प्रश्न मात्र हातातल्या बॅगेत आणतात.

"मेश्राम."

"अच्छा," काका म्हणाले. या 'अच्छा'नंतर विषय बदलतो, तो बदलला. मग ते म्हणाले, "हे बघ, पर्सनली घेऊ नकोस. पण हिस्टरीला मार्केटच नाहीये गं."

सुजाताने विचारलं, "काका, तुमच्या पणजीचं नाव काय होतं?"

काका हसले. त्यांनी कुलदैवत सांगितलं, मूळ गाव सांगितलं, पणजोबांना दरबारात मिळालेला मान सांगितला. पणजीचं नाव काही येईना. शेवटी तिथूनच पुण्याला शोभनामावशीला फोन लावला. मावशी स्पीकरवर म्हणाली, "अरे, तिला सगळे वहिनी म्हणायचे. नाव कोण विचारणार?"

बाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण काकांचा चेहरा त्या अस्सल इतिहासकाराच्या शांतपणाने वाचत होत्या.

सुजाता म्हणाली, "माझ्या पणजीचं नाव तुळसाबाई. गिरणीत सूत कातायची. आमच्याही घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी या डिपार्टमेंटमध्ये तीन वर्षं शोधलं, तेव्हा सापडलं. आता तुम्ही सांगा, बंद करायचं?"

अध्यक्ष म्हणून उत्तर काकांनाच द्यायचं होतं. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. या बाबतीत माझा आधार फारसा उपयोगी नसतो.

"नको," ते म्हणाले. हा शब्द ते इतक्या हळू बोलले की बाईंनी तो इंग्रजीत पुन्हा म्हणवून घेतला.

काकांचं हृदयपरिवर्तन झालं असा दावा मी करणार नाही. पण सभेत त्यांनी विभागाच्या बाजूने हात वर केला आणि बाकीचे हात पाठोपाठ आले. विभाग राहिला, वर दोन नव्या जागाही मिळाल्या. पदवीदानाला बाईंनी डॉ. सुजाता मेश्राम असं नाव पुकारलं, तेव्हा पहिल्या रांगेत सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारे काकाच होते. हल्ली शनिवारी ते विभागात येऊन पणजी शोधतात. अजून सापडलेली नाही.

थॉर्नबीबाई गेल्या जूनमध्ये निवृत्त झाल्या, एकाच समारंभात. नवे अध्यक्ष उभ्याने काम करतात, सबब मी तळघरात आहे. मला इतिहास विभागात न्यावं, असा अर्ज सुजाताबाईंनी केला आहे. त्यात 'बसणाऱ्याचे पद' या रकान्यात त्यांनी लिहिलं आहे : 'जो येईल तो'. असं पद यादीत नाही, असं फर्निचर समितीने कळवलं. सुजाताबाईंनी रकाना बदलायला नकार दिला आहे.

अर्ज विचाराधीन आहे.