सखुबाईची टकळी

मी टकळी बोलतेय. बाभळीची बारीक काडी आणि तिच्या टोकाला लाकडी चकती, एवढाच माझा जीव. मनमाडजवळच्या माळावर सखुबाई मेंढ्यांमागे चालता चालता मला फिरवून सूत कातायची. मनगटाला लोकर गुंडाळलेली आणि तोंडाने मेंढ्यांना हाका चालू.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी काळी नावाची तिची मेंढी दिसेना. "ये काळे, ये ये," अशा हाका मारतानाच सखुबाई कोसळली. मी तिच्या मुठीत होते. ती गेल्यावर थोड्याच वेळात काळी ओढ्याकडून आपली आपण चालत आली. सखुबाईला ते कळलंच नाही.

तिचा मुलगा सोमनाथ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. त्याने मेंढ्या विकल्या. उरलेली लोकर आणि मी त्याच्या घरी आलो. त्याची बायको मोहिनी माहेरी कातायला शिकली होती. नाशिकरोडला विणकाम शिकवणारी निलोफर तिला म्हणाली, "वहिनी, हाताने कातलेलं सूत द्या, मी विकते." मोहिनी हरखली. घरबसल्या स्वतःचं काहीतरी सुरू होणार होतं.

एका दुपारी ती कातत असताना सोमनाथ ड्युटीवरून आला आणि दारातच थबकला.

"आई?"

"मी हाय," मोहिनी म्हणाली. "काय झालं?"

"आत्ता हाका कोण मारत होतं?"

"मी तर गप कातत होते."

हाका तिच्याच तोंडून निघाल्या होत्या, त्याच, काळीला मारलेल्या. आवाज सखुबाईचा होता. सूत माझ्यावर चढू लागलं, की सखुबाई मोहिनीच्या गळ्यात उतरायची.

तेव्हापासून तो रोज समोर येऊन बसतो. सुताचे गुंडे कोपऱ्यात साठलेत.

"निलोफरताईंना किती थांबवू?" मोहिनीने विचारलं.

"हे सूत नाय विकायचं. तू नुसती कात. मला ऐकू दे."

मग त्याने तिला काळीचं आणि तिच्या तोंडून येणाऱ्या आईच्या हाकांचं सगळं सांगितलं.

"अहो, मग आत्याबाईंना सांगा ना, काळी आली म्हणून."

"सांगितलं की आई कायमची जाईल."

"आणि मी? माझ्या तोंडून त्याच बोलणार, तर मी कधी बोलू?"

त्याने लोकर तिच्यापुढे सरकवली. तिने पुन्हा मला गिरकी दिली.

मला हाक मारता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. सोमनाथ कुठे भेटला तर म्हणावं, सांगून टाक रे. तुझ्या आईला अजून त्या माळावर अंधार पडताना दिसतोय.