कॅरमवरची बधिर करंगळी

मी एक जुना कॅरम बोर्ड आहे, मित्रांनो. वय वीस, एक कोपरा फुगलेला, आणि स्वभाव म्हणाल तर महाचौकस! वसईच्या एका सुताराने मला घडवलं, आणि ऑगस्टीनने चादरीत गुंडाळून बहारीनला आणलं. गुदैबियातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी माझ्यावर डाव रंगतो. ऑगस्टीन हॉटेलात कामाला, त्याची बायको मार्सेलिना इस्पितळात नर्स. शेजारचे शिरीष आणि मेधा, हे पुणेकर जोडपंही खेळायला येतं.

बोटांवरून मी माणूस ओळखतो. शिरीषचं बोट घाईचं, मेधाचं बेरकी, ऑगस्टीनचं सगळ्यांत हलकं. पण गेल्या वर्षी त्याचा नेम सारखा चुकू लागला. एकदा तर माझ्या कडेची कपची त्याच्या करंगळीत रुतली, रक्त आलं, आणि हा गडी खुशाल सोंगट्या मोजतोय! मी चक्रावलोच. याला दुखत कसं नाही?

मार्सेलिनाने त्याचा हात ओढून घेतला. मनगटाजवळ फिकट चट्टा होता. "डोळे मीट," ती म्हणाली आणि चट्ट्यावरून कापूस फिरवला. "कळलं?"

"काय कळलं? अजून लावलायस कुठे?"

तिचा चेहरा उतरला. तपासणीत कुष्ठरोग निघाला. औषधं लगेच सुरू झाली.

पुढच्या शुक्रवारी शिरीष आला तो ओले वाइप्स घेऊनच. खसाखसा पुसलं मला! माझा कोपरा फुगला तो तेव्हाच. "तुम्ही खेळा," म्हणत ऑगस्टीन सोफ्यावर जाऊन बसला. फार वाईट वाटलं मला. शिवाय एक प्रश्न छळू लागला. एकच स्ट्रायकर चौघांच्या बोटांतून फिरतो. मग रोगही माझ्यावरूनच फिरला की काय?

नशीब माझं, शिरीषनेच विचारलं. "वहिनी, स्ट्रायकरवरून होतो का हो हा?"

"मीही डॉक्टरांना हेच विचारलं," मार्सेलिना म्हणाली. "हा पसरतो तो मुख्यतः नाकातोंडातून. तेही रोग्याने औषध घेतलेलं नसेल आणि पुष्कळ दिवस जवळचा सहवास असेल तर. कातडीतूनही जंतू बाहेर पडू शकतात म्हणे. त्यांचा वाटा किती, हे शास्त्रज्ञ अजून शोधतायत. पण हात मिळवून, शेजारी बसून होत नाही. आणि औषध सुरू झालं की पसरणंही थांबतं. भाऊ, अठरा वर्षं मी याच्या कुशीत झोपते. माझी तपासणी झाली. इथल्या अरबांच्या भाषेत मफी प्रॉब्लेम, काहीही नाही! तुम्हीही एकदा तपासून घ्या. पण ते वाइप्स आता खलास!"

मेधा खो-खो हसली. शिरीष ओशाळला. उठला, सोफ्याकडे गेला आणि ऑगस्टीनला हाताला धरून माझ्यासमोर बसवलं.

ऑगस्टीनची करंगळी सरळ राहीना. "जमत नाही रे," तो पुटपुटला.

शिरीषने ती करंगळी आपल्या बोटांत धरून माझ्यावर टेकवली. "आता मार."

सोंगटी गेली. मागोमाग स्ट्रायकरही भोकात!

"फाउल!" शिरीष गरजला. "सोंगटी परत ठेव. आजाराची सूट मफी!"

ऑगस्टीन इतका हसला की त्याचे डोळे भरून आले.

मित्रांनो, अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तुमचा कोणी गडी आजारामुळे सोफ्यावर जाऊन बसला, तर त्याला हात धरून डावात आणा.