विजयदुर्गचं पाणी

रुखमाबाई आमच्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या चौऱ्याहत्तर साली, भर आषाढात. आल्या आल्या त्यांनी बोटीचं तिकीट मागितलं. बर्डीवरच्या भैयाजींच्या त्या लहानशा दुकानात मी रेल्वेची, एसटीची आणि मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बोटीची तिकिटं काढून देत असे. नागपुरात बोटीचं तिकीट मागणारी माणसं वर्षाकाठी दहा-बारा. त्यातली निम्मी नुसती चौकशी करून, माठातलं थंड पाणी पिऊन निघून जायची.

"कुठं जायचं, मावशी?"

"विजयदुर्गले. पोरगी हाय माही तिथं, शामला. जावई शाळेत मास्तर हायेत. नातू झाला मले, सव्वा महिन्याचा."

"बोट बंद आहे सध्या. पावसाळाभर बंदच असते."

"काहून?"

"समुद्र खवळलेला असतो."

रुखमाबाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मले येडी समजते का गा, बाबू? इतकं पानी भरून राहिलं अन् बोट बंद? उन्हाळ्यात बंद असते म्हनला असता तं समजली असती. आमच्याकडे नदीवर डोंगा पावसाळ्यातच चालते. उन्हाळ्यात मानसं पायी पायी जातेत पल्याड."

मला हसण्याचा काही हक्क नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच सावनेरच्या एका कुटुंबाला जुलैची चार तिकिटं काढून द्यायला निघालो होतो. छापील पत्रकात 'जूनपासून सेवा बंद' असं होतं, ते मी छापणाऱ्याची चूक समजलो होतो. पाण्याची गाडी ऐन पाण्याच्या दिवसांत कोण बंद ठेवेल? भैयाजी ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. त्या दिवशीही सांगितली, आणि रुखमाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"मग एसटीनं जा ना," मी चिडून म्हणालो.

एसटीचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांना एसटी लागायची. नरखेडहून काटोलला जायचं तरी खिडकीबाहेर डोकं काढून बसावं लागे, म्हणून नागपूरलाही त्या पॅसेंजरनं आल्या होत्या. रेल्वे लागत नाही, आणि बोटीला ना खड्डे ना वळणं, तेव्हा तीही लागणार नाही, हा त्यांचा हिशेब. यजमान संत्र्यांच्या बगिच्यात अडकलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर शामला आठव्याच महिन्यात तिकडेच मोकळी झाली.

आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला आजही आठवते. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. लग्नानंतर, जावई विजयदुर्गला जायच्या आधी, एकदा त्या काटोलला लेकीच्या सासरी गेल्या होत्या. उन्हाळा होता. शामला पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी राहिली, आणि यांनी आपल्या फिरकीच्या तांब्यातलं, घरून नेलेलं पाणी प्यायलं.

"पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं, बाबू. चार वर्सं झाली. आता तिच्या हातचं पानी पेल्याबिगर मले चैन नाई पडत."

हे ऐकल्यावर मी काय करावं? मी छातीवर हात ठेवून सांगून टाकलं, "मावशी, दिवाळी झाली की पहिल्या बोटीत बसवतो. थेट विजयदुर्ग. माझी गॅरंटी!" समुद्र मी बापजन्मात पाहिला नव्हता. पण गॅरंटी द्यायला समुद्र पाहावा लागत नाही.

दुकानाबाहेर एक काळा फळा होता. मुंबईहून बोटीचं पत्रक आलं की मी त्यावर सुंदर अक्षरात वार, वेळा आणि बंदरांची नावं लिहीत असे. त्या वर्षी पत्रकांनी माझा अंत पाहिला. सप्टेंबरात लिहिलं, पंधरा दिवसांत वार बदलले. ते पुसून लिहिलं, तर दसऱ्याला वेळ बदलली. खडू संपले, फडकी फाटली. रुखमाबाई मात्र दर बाजाराला नागपुरात आल्या की फळ्यासमोर उभ्या राहत आणि लिहिता-वाचता येत नसल्यानं विचारत, "हाय ना विजयदुर्ग?" मी बोट ठेवून दाखवी. मग त्या समाधानानं संत्री ठेवून जात.

निघायला पाच दिवस असताना आणखी एक पत्र आलं. या हंगामापासून बोट रत्नागिरीला थांबेल आणि तिथून थेट पणजीला जाईल. मधली सगळी बंदरं रद्द.

मी ओलं फडकं घेतलं आणि विजयदुर्ग पुसलं. मला इतका राग आला होता की फळ्याचा रंगही निघाला. दुसऱ्या दिवशी रुखमाबाई आल्या. फळ्यावरची रिकामी जागा त्यांना न वाचताही कळली.

"रत्नागिरीहून पाच-सहा तास एसटी आहे, मावशी," मी खाली मान घालून म्हणालो. "घाट आहे. वळणं आहेत. तिकिटाचे पैसे परत मिळतील."

त्या म्हणाल्या, "पोरीनं समोर धरलेला गिलास मी तवा परत केला. आता मी परत फिरू का? लागली एसटी तं लागली. मरत नाई मानूस उलट्यांनं."

भैयाजींनी पानाची पिंक टाकली आणि माझ्याकडे वळले. "गॅरंटी कोनं देल्ली होती, रविंदर? तूच ना? मंग तूच नेऊन पोचव. एकट्या बाईले कुठं पाठवतं?"

असा मी समुद्र पाहायला निघालो. रुखमाबाईंबरोबर संत्र्यांची एक पेटी, बाळंतविड्याचं गाठोडं आणि नरखेडच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला तो फिरकीचा तांब्या होता.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर समुद्र दिसला तेव्हा रुखमाबाई म्हणाल्या, "बाप्पा! याले पल्याड नाईच का?" बोट सुटली. अर्धा तास मी डेकवरच्या लोकांना वेळापत्रक समजावून सांगत होतो. अलिबागच्या आसपास माझं वेळापत्रक कोलमडलं. पुढचा सगळा दिवस मी कठड्याला धरून होतो. सहा वर्षं बोटीची तिकिटं विकणारा माणूस बोट लागून आडवा, आणि कोकणातल्या बाया मला पाहून हसतायत! रुखमाबाई मात्र माजघरात बसल्यासारख्या मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी एक संत्रं सोललं, साल माझ्या नाकाशी धरली, आणि तांब्यातलं पाणी मला चूळ भरायला दिलं. दर तासाला दिलं.

"मावशी, तुमचं पाणी संपेल."

"संपू दे. चूळ भर."

संध्याकाळी रत्नागिरीला उतरलो, धर्मशाळेत राहिलो. सकाळी एसटीत बसलो, आणि पहिल्याच वळणाला पाळी बदलली. आता त्यांचं डोकं खिडकीबाहेर, आणि साल धरायला मी. राजापूरपर्यंत तांब्यातला शेवटचा घोट संपला. वाटेत नळ होता. तांब्या भरून आणतो म्हणालो, तर त्यांनी माझा हात धरला आणि मान हलवली. घसा कोरडा पडला होता, ओठ पांढरे झाले होते, तरी "आता पोरीच्याच हातचं" एवढंच म्हणाल्या. मला त्या बाईचा राग आला आणि तिच्यावर जीवही जडला. मग मीही पाणी प्यालो नाही.

विजयदुर्गला उतरलो तेव्हा रुखमाबाईंना नीट उभंही राहता येत नव्हतं. शामलाचं घर बंदराच्या वर, चार पायऱ्या चढून. दारात विश्वनाथ मास्तर आणि कडेवर पोर घेतलेली शामला. आई चढून येताना दिसली तशी ती पोराला नवऱ्याकडे देऊन आत पळाली.

बाहेर आली ती पाण्याचा गिलास घेऊन. पण दोन हात अलीकडेच थांबली. गिलास पुढे करावा की नाही, हे तिला कळेना. माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. गिलासातलं पाणी ओट्यावर सांडत होतं.

रुखमाबाईंनी रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला. नातवाकडे अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी लेकीच्या हातातून गिलास घेतला आणि एका दमात संपवला.

शामला रडू लागली. मीही दुसरीकडे पाहू लागलो, बंदरात काही पाहण्यासारखं आहे असं दाखवत.

"मले वाटलं होतं," पदरानं तोंड पुसत रुखमाबाई म्हणाल्या, "समुद्राकाठचं पानी, खारंच असन. कसं पेऊ, कसं पेऊ, असं रस्ताभर वाटून राहिलं होतं. गोड हाय वं, शामले."

आणि गिलास पुन्हा पुढे केला.