फवारणीचं उरलेलं औषध

भुऱ्याच्या तोंडातून लाळ गळताना दिसली, आणि शेजारच्या नत्थुजीने सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "देवरावचं कुत्रं पिसाळलं." उचलली जीभ, लावली टाळ्याला. वलगावात एवढं पुरतं. कोणी खातरजमा करायला येत नाही, येतो तो काठी घेऊनच.

सुभद्रा अंगणात बाजारासाठी झेंडूची फुलं निवडत होती. भुऱ्याला काय झालं ते तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी कपाशीवर फवारणी करून नवरा घरी आला तेव्हा पंपाच्या तळाशी औषध उरलं होतं, आणि औषध फेकायचं म्हटलं की देवरावच्या जिवावर येतं. भुऱ्याच्या कानामागे गोचिडं झाली होती. त्याने ते सगळं औषध कुत्र्याच्या अंगावर ओतलं आणि फडक्याने चोळलं. गावात बैलांनाही लोक असंच धुतात. शिकवलं देवरावनेच. कोणत्या किडीला कोणतं औषध, पंपाला किती झाकणं, हे अर्धं गाव त्याला विचारतं आणि त्याची मान ताठ होते. सुभद्रा 'नका ओतू' म्हणाली होती. घरच्या बाईचं ऐकायचं तर गावाला काय शिकवणार?

आता भुऱ्याचे पाय लटपटत होते, अंगभर थरथर सुटली होती, आणि फाटकाशी माणसं काठ्या घेऊन उभी होती. देवराव ओट्यावर मूग गिळून बसला होता.

"सांगा ना त्याइले," सुभद्रा म्हणाली. "औषध ओतलं म्हून सांगा."

देवरावने तोंड फिरवलं. कुत्रं मेलं तर मेलं, पण आपलं चुकलं हे गावाला कळायला नको. अशी ही अब्रू.

"वयनी, बाजूले व्हा," नत्थुजी म्हणाला. "चावन तुमाले. लेकरंबाळं हायेत गावात."

"पिसाळला नाई थो. दरसाल सुई देतो मी याले. ज्याले मारा लागते त्यानं पयले मले मारा."

तिने हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, भुऱ्याला नळाखाली घेतलं आणि सगळ्यांच्या देखत साबण लावून खळखळून धुतलं. काठ्या उचललेल्या होत्या तशाच राहिल्या. एकाचीही पुढे यायची छाती झाली नाही. कुत्र्याआधी हीच चावेल असं त्यांना वाटलं असावं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

तिने भुऱ्याला पोत्यात गुंडाळलं आणि लेकीला हाक मारली. "आकांक्षा, स्कूटी काढ. अमरावतीले जा लागते."

"कुत्र्यासाठी अमरावतीले?" देवरावला आता वाचा फुटली. "लोक हासतीन."

"हासू द्या. औषधाची बाटली कुठी हाये?"

"फेकली."

बाटली त्याच्या पाठीमागेच होती. तिने त्याला कोपराने सरकवून ती उचलली.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि लगेच इंजेक्शन भरलं. "बाटली आणली हे बरं केलं, बाई. हे विष कातडीतून अंगात भिनतं. मग लाळ गळते, झटके येतात, अगदी पिसाळल्यासारखं दिसतं. गोचिडासाठी कुत्र्याचं वेगळं औषध मिळतं. तेही घरच्या मांजरीला लावू नका, कुत्र्याचं औषध मांजरीच्या जिवावर बेतू शकतं."

भुऱ्या दुपारभर सलाईनवर पडून होता. सुभद्रा त्याच्या डोक्याशी बसून राहिली. ती घाबरली होती, मनातून पार घाबरली होती, आणि घाबरली की तिचा राग वाढतो. उन्हं कलली तेव्हा भुऱ्याची थरथर थांबली.

परतताना तिने गाडी घराकडे नेऊ दिली नाही. चौकातल्या पारावर मंडळी बसली होती, देवरावही होता. तिने भुऱ्याला खाली उतरवलं. तो डुगडुगत का होईना, उभा राहिला.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "फवारणीचं उरलेलं औषध माह्या घरच्यानं याच्या आंगावर ओतलं. त्यानं लाळ गळून राहिली होती."

कोणीतरी हसेल असं तिला वाटलं होतं. कोणी हसलं नाही. नत्थुजी हळूच उठून भुऱ्याजवळ आला आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"मागच्या म्हयन्यात माही कुत्री, राणी, अशीच करत होती," तो म्हणाला. "तिलेबी म्या याच औषधानं धुतलं होतं. देवरावनं उरलेलं देल्लं होतं." मग म्हणाला, "पिसाळली म्हून म्या सोताच्या हातानं मारलं तिले."

देवरावची मान खाली गेली. त्याने बायकोकडे पाहिलं, सोडवशील का म्हणून. सुभद्राला दया आली नाही.

"माह्याकडं काऊन पाहून राहिले?" ती म्हणाली. "ज्या-ज्या घरी तुमी हे शिकवलं, त्या दारी जाऊन सांगा लागते. मी संग येतो. पयले नत्थुजीले सांगा. आन् सांगताना त्याच्या डोयाकडं पाहा."