चूलबंद आवतण

"सकाळीच तं सांगून गेल्ते ना, केशवराव. आता परत कावून?" नत्थुजींनी ओट्यावरूनच विचारलं.

"पक्कं करून राहिलो."

"म्हंजे दोन डाव जेवाचं का? किसनरावाचं वरण पुरन?"

केशवराव हसले नाहीत. दुपारपासूनचं हे एकोणिसावं घर. उद्या किसनरावांकडे गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण होतं आणि गावाला चूलबंद आवतण. म्हणजे त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटायची नाही, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे पंगतीला. नांदगाव खंडेश्वरकडच्या या गावात चाळीस वर्षं केशवराव हे आवतण देत आले, तेही कागदाशिवाय. एखादं घर सुटलं तर ते तीन पिढ्या बोलत नाही. यंदा किसनरावांनी बजावलं होतं, "एक बी घर राहिलं, तं पुढच्या साली मोबाइलवर टाकून देईन."

घोळ केला दुपारच्या झोपेनं. सकाळी गाव फिरून केशवराव जेवले, आडवे झाले आणि झोपेतही आवतण देत हिंडले. स्वप्नातले केशवराव फारच कामसू. किसनरावांच्या म्हशीलाही सांगून आले. उठले तेव्हा खरी घरं कोणती न् स्वप्नातली कोणती, काही सुधरेना.

"सगळ्याइले परत सांगा," बायको इंदूबाई म्हणाली होती. "हसतीन, पन रुसनार नाईत."

"आता मेलेल्याइले बी सांगून येता का?" नत्थुजी म्हणाले.

केशवराव थबकले. पंजाबराव! त्यांना स्पष्ट आठवलं: कवाडाशी उभं राहून आपण हाक मारली, आतून पंजाबराव खोकलत "हो" म्हणाले. पंजाबरावांना जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे ते नक्की स्वप्न. म्हणजे ते घर सुटलं!

धोतर सावरत ते पळालेच. पंजाबरावांची बायको शकुन अंगणात तूर पाखडत होती.

"वहिनी, माफी करा. उद्या चूलबंद. सकाळी राहून गेलं."

"राहून कुठी गेलं, भाऊजी? आलते ना तुमी. याइच्याच नावानं हाक मारली. मीनं आतून हो म्हटलं."

"तो खोकला?"

"मलेच सर्दी हाये."

केशवरावांनी कवाड घट्ट धरलं. म्हणजे ती हाक जागेपणीच मारली. झोपेनं फक्त आवाज बदलला होता.

"मंग मले तवाच टोकलं कावून नाई, वहिनी?"

शकुननं सुपातला खडा शोधून फेकला. "दोन वर्सांत कोनी त्या नावानं हाक नाई मारली. म्हटलं, मारू द्या."

केशवराव वळले. दोन पावलं गेले, थांबले. डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. पुढचं घर कोणतं, ते आठवेना. आपलं घर कुणीकडे, तेही.

शकुननं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले.

"चला," ती म्हणाली. "मले बी तिकडंच जाचं हाये."

तूर अंगणात अर्धी पाखडलेली तशीच पडली होती.