अनंतशास्त्र्यांसाठी तीन चुका

इंग्रजांचे सगळेच उलटे. आपला उपसर्ग धातूच्या आधी येतो. 'हार'ला 'आ' लावला की जेवण होते आणि 'सं' लावला की मरण. इंग्रजांचा उपसर्ग धातूच्या मागून येतो, तोही सुटा, गाईमागून वासरू यावे तसा. पण मागून येऊनही अर्थाची उलथापालथ तो आपल्यापेक्षा जास्त करतो, आणि याच गोष्टीने मला धरले.

मी गोपाळकृष्णशास्त्री, शनवारात राहणारा वैयाकरण. एका इंग्रजी क्रियापदावर तीन वर्षे घालवली म्हणून पुण्यात जे जे हसले त्यांची नावे माझ्या लक्षात आहेत. ते क्रियापद म्हणजे 'गिव्ह अप'. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. संगमावर इंग्रजांचा एक म्हातारा वैद्य राहत असे. त्याला संस्कृत शिकायचे होते, म्हणून मी मुठा ओलांडून त्याच्याकडे जाऊ लागलो. त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "कळले. वर देणे. शंकर भस्मासुराला देतो तसा." वैद्य पोट धरून हसला. म्हणाला, "छे हो शास्त्रीबुवा, किल्ला शत्रूच्या हवाली करणे."

मी लिहून घेतले. चार दिवसांनी त्याने सांगितले की मी तपकीर 'गिव्ह अप' केली. म्हणजे व्यसन सोडणे. पुढच्या आठवड्यात एका रोग्याबद्दल तोच शब्द आला, वैद्याने आशा सोडली या अर्थी. घरात लपलेला माणूस शिपायांच्या हाती दिला तरी 'गिव्ह अप', कोडे सुटेना म्हणून हात टेकले तरी 'गिव्ह अप'. मी म्हणालो, एकदाची सगळ्या अर्थांची यादी द्या, आमच्या धातुपाठासारखी. तो म्हणाला, अशी यादी नसते, बोलता बोलता कळते. बोलता बोलता व्याकरण कळले असते तर आम्ही बारा वर्षे गुरूच्या घरी पाणी कशाला भरले असते? यादी मीच करायला घेतली.

गुरूच्या घरी पाणी भरणारे आम्ही दोघे होतो, मी आणि अनंत. आठव्या वर्षापासून एकत्र. मी अन्या म्हणायचो, तो मला गोप्या म्हणायचा, आणि बहुतेक वेळा गाढवाच म्हणायचा. पुढे तो नारायण पेठेतला अनंतशास्त्री झाला, श्रावणात विद्वानांना दक्षिणा देणाऱ्या सभेत परीक्षक झाला. तरी संध्या आटोपली की माझ्या ओसरीवर यायचा आणि आम्ही भांडायचो. एका सूत्राच्या अर्थावरून तर बावीस वर्षे भांडलो. तो म्हणायचा अर्थ असा, मी म्हणायचो तसा. बायको होती तेव्हा ती आतून म्हणायची, "पाटावर बसून भांडा, पाने वाढली आहेत." ती जाऊन नऊ वर्षे झाली. त्यानंतर घरात जे काही बोलणे व्हायचे ते अनंतशीच.

मग इंग्रज वैद्याने मला त्यांच्या भाषेचा कोश वाचायला दिला. त्याची बांधणी चामड्याची होती. मी तो गोठ्यात ठेवायचो, आणि शिवल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसे. एका संध्याकाळी अनंत लवकर आला आणि उजेडासाठी ओसरीवर आणलेला कोश माझ्या मांडीवर उघडा होता. समोरचा पाण्याचा गडू त्याने हातानेच बाजूला सारला, पायात वहाणा घातल्या आणि गेला. वहाणाही चामड्याच्याच होत्या. चामडे पायात चालते, हातात चालत नाही, हे मी त्याला ओरडून सांगणार होतो, पण तोवर तो बोळाबाहेर गेला होता.

दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवड्याने नाही, वर्षाने नाही. शिष्यही एकेक करून गेले. फाल्गुनात वैद्याची मद्रासेस बदली झाली. जाताना त्याने आणखी एक अर्थ सांगितला. कोणाची वाट पाहत बसावे, आणि आता तो येत नाही असे ठरवून उठावे, यालाही तेच क्रियापद. तो लिहायला मला तीन दिवस लागले.

आता ही भाषा बोलायला मला पुण्यात कोणी उरले नव्हते आणि माझी स्वतःची बोलायलाही. खरे सांगतो, दुपारी गोठ्यात जाऊन मी गाईशी दोन्ही भाषांत बोललो आहे. तेव्हा मी ठरवले की या क्रियापदावर संस्कृतात ग्रंथ लिहायचा आणि श्रावणातल्या सभेकडे पाठवायचा. कारण परीक्षक माझ्या घरी आला नाही तरी चालते, पण ग्रंथ त्याला वाचावाच लागतो.

आणि त्यात मी मुद्दाम तीन चुका केल्या. पहिली लिंगाची, दुसरी क्रियापदाच्या रूपाची. दोन्ही अशा की गुरूंनी आमची शेंडी उपटली असती. तिसरी अकराव्या पानावर. तिथे ते बावीस वर्षांचे सूत्र मी माझ्या मताप्रमाणे लावले, आणि वर लिहिले की दुसरे मत अज्ञानमूलक आहे. अनंत चूक कधी सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत त्याने माझ्या मंगलाष्टकातला दोष काढला होता. पोथी वाचून तो तणतणत ओसरीवर येणार याची मला खात्री होती. पोथी पाठवल्यावर मी रोज संध्याकाळी गडू भरून ठेवू लागलो.

तो आला नाही. सभेचा दिवस आला.

मांडवात शंभरएक शास्त्री होते. अनंत परीक्षकाच्या आसनावर. माझे नाव पुकारले तसा मी पुढे गेलो. त्याने पोथीकडे पाहत सांगितले, "गोपाळकृष्णशास्त्री, आपला ग्रंथ साद्यंत वाचला. विषय अपूर्व आहे, ग्रंथ निर्दोष आहे. आपणास शाल द्यावी असा अभिप्राय आहे."

आपला. आपणास. कारकुनाने शाल खांद्यावर घातली आणि पोथी हातात दिली. मी तिथेच उघडली. पहिल्या चुकीवर पिवळा हरताळ फासून वर त्याच्या टपोऱ्या अक्षरात शुद्ध शब्द लिहिला होता. दुसरीही तशीच झाकली होती. माझी लाज त्याने राखली होती. अकराव्या पानावर मात्र त्याच्या हाताचे टिंबही नव्हते.

"निर्दोष नाही," मी म्हणालो.

मांडवात खसखस पिकली. आपल्याच ग्रंथाला दोष देणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला असावा.

"अकरावे पान," मी म्हणालो. "सूत्राचा अर्थ चुकला आहे."

अनंतने तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिले. त्याच्या मिशा पिकल्या होत्या. "तिथे दोन मते आहेत," तो म्हणाला.

"एकच आहे! बावीस वर्षे तूच सांगत आलास ना, दुसरे मत गाढवाचे म्हणून? अरे अन्या, सांग की आता!"

अनंतचे ओठ हलले. मला वाटले, आता येतो तो शब्द. मी शालीसकट वाट पाहत उभा राहिलो. त्याने उपरणे सारखे केले.

"आपले मत ग्राह्य आहे," तो म्हणाला, आणि समोरची यादी उचलली.

बावीस वर्षांत एकदाही न जिंकलेला वाद मी त्या दिवशी शंभर शास्त्र्यांदेखत जिंकलो. आणि धावत जाऊन ज्याला हे सांगावे असा एकच माणूस मला या गावात होता. तो समोर बसून पुढचे नाव वाचत होता.