वधू देणाऱ्याचा रकाना

मी विवाहनोंदणीची वही बोलतेय. नोंदणी कचेरीतलं टेबल हे माझं घर. माझ्यात सही पडल्याशिवाय इथे कुणाचंही लग्न कायद्याने पुरं होत नाही, म्हणून मला थोडा तोरा आहे.

माझा जन्म छापखान्यातला. छापणाऱ्याने जुन्या वहीची हुबेहूब नक्कल केली. वराला चार रकाने: नाव, वय, व्यवसाय, सही. वधूला तेच चार, शिवाय पाचवा: 'वधू देणाऱ्याची सही'. तो फार जुन्या काळचा. तेव्हा बाई कायद्याने आधी बापाच्या ताब्यात असायची, मग नवऱ्याच्या, आणि तिची मिळकतही तिच्याबरोबर हात बदलायची. कायदा केव्हाच बदलला. रकाना मात्र छापला जातच राहिला, आणि रिकामा रकाना दिसला की माणसाला तो भरल्याशिवाय चैन पडत नाही.

एका सकाळी खुर्च्यांच्या गाद्या शिवणारी एक बाई लग्नाला आली. पंचावन्न वर्षांची विधवा, बोटांना सुईचे घट्टे. सोबत नवरदेव, म्हणजे एक निवृत्त पोस्टमन, आणि साक्षीला तिचा तिशीतला मुलगा व शेजारीण.

पाचव्या रकान्याशी कारकून अडले. "वडील?"

"जाऊन वीस वर्षं झाली."

"भाऊ?"

"नाही."

"मग चिरंजीव करतील सही."

मुलाने पेन उचललं. बिचारा भला माणूस, त्याला यात काही वावगं वाटलं नाही.

"ठेव ते खाली," बाई म्हणाली. "तुझ्या शाळेच्या कागदांवर पालक म्हणून मी सह्या केल्या. आता तू मला देणार होय?"

"अगं आई, नुसती सही तर आहे. मागे माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. साहेब, ही सही कुठल्या कलमात लिहिलीय ते दाखवा. असेल तर मी लग्न न करता घरी जाते."

नव्या शर्टातला पोस्टमन घामाघूम झाला. तरी म्हणाला, "दाखवा साहेब. ती जाते म्हणाली की जातेच."

कारकुनांनी कायद्याचं पुस्तक काढलं, धूळ झटकली, कलम दोनदा वाचलं. वर, वधू, साक्षीदार. देणारा कुठेच नव्हता. इतकी वर्षं त्यांनी ती सही डोळे झाकून घेतली होती. त्यांचा चेहरा पडला, पण माणूस सच्चा. "चूक आमची," म्हणाले आणि त्यांनी त्या रकान्यावर आडवी रेघ मारली. बाईने आपल्या रकान्यात इतकी दाबून सही केली की ती खालच्या पानावरही उमटली. मला तिचा फार अभिमान वाटला.

दुपारी कचेरी ओस पडल्यावर कारकून पट्टी घेऊन बसले. माझ्या एकूणएक कोऱ्या पानावरचा तो रकाना त्यांनी खोडला. मग मागची पानं चाळत ते आपल्या मुलीच्या लग्नाच्या नोंदीशी थांबले. "बाबा, मी काय वस्तू आहे?" असं तिने त्या दिवशी विचारलं होतं, आणि त्यांनी हसून पाचव्या रकान्यात वळणदार सही ठोकली होती. आता त्यांनी त्या सहीवर पट्टी ठेवली, आणि उचलली. झालेल्या नोंदीत खाडाखोड करायची मुभा नसते.

आता माझी दहाच पानं उरलीत. ती संपली की मी कपाटात जाईन. तोवर माझ्यापुढे बसाल त्या प्रत्येकाला सांगते: छापलंय म्हणून सही करू नका, आधी कलम विचारा. कोरं पान सुधारता येतं. भरलेली पानं मला जन्मभर आहेत तशीच सांभाळायची आहेत.